अबोल बॅरिस्टर

पोरबंदरच्या गांधी घराण्यातील मोहनदास बालपणी फार भित्रा होता. भुताखेतांच्या भयाने अंधारात पाऊल टाकवत नसे. रंभा दाईने त्यावर रामनामाचा उपाय सांगितला. विलायतेत भयाने केवळ रूप पालटले. शाकाहारी मंडळाच्या समितीत आपले मत लिहून ते दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागले.

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहताच त्यांचे डोके गरगरले. ते खाली बसले व ३० रुपये फी त्यांनी परत केली. मग राजकोटला अर्ज लिहिण्याचे काम पत्करले. तेथे बोलावे लागत नसे.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. जमाखर्चाची पद्धत त्यांनी पुस्तकावरून शिकून घेतली, कागद न् कागद वाचला. वक्तृत्वाने न साधणारे काम या मूक अभ्यासाने साधले. आपला पक्ष बळकट असूनही, प्रतिपक्षी तय्यब शेठ हे नातलगच, म्हणून गांधीजींनी दोघांना लवादास राजी केले. दादा अब्दुल्ला जिंकले. परंतु ३७,००० पौंड व खर्च एकदम भरणे म्हणजे तय्यब शेठांचे दिवाळेच. विजयी अशिलाचे मन वळविणे लवादाहून कठीण होते. अखेर दीर्घ मुदतीचे हप्ते ठरले.