रघुनाथ धोंडो कर्वे : नग्नता, अश्लीलता आणि ‘समाजस्वास्थ्य’

प्रास्ताविक

मराठी नियतकालिकांचा इतिहास अभ्यासताना ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा उल्लेख तुम्हांला वारंवार आढळेल. संततिनियमनाचा प्रचार करणारे मासिक, अशी त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. मानवी देह, त्याचे उघडेपण आणि त्याविषयी धर्माने व रूढीने बाळगलेली लज्जा यांची मराठीत सातत्याने व निर्भयपणे चर्चा करणारे हे मासिक होते. या चर्चेची जी किंमत त्याच्या संपादकाला मोजावी लागली, ती त्याचे चरित्र पाहिल्यावाचून तुम्हांला उमगणार नाही.

जडणघडण

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ लहान असतानाच, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई निवर्तल्या. १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी कुटुंबाला सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. रूढीविरुद्ध वागणाऱ्या माणसाला समाज कसे एकटे पाडतो, हे रघुनाथरावांनी असे बालवयातच पाहिले.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे गणिताच्या उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवरील प्रभुत्वामुळे युरोपातील कामशास्त्रविषयक व बुद्धिवादी वाङ्मय त्यांना खुले झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्वे काळाच्या किती पुढे होते याची तुम्हांला कल्पना येईल. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. मिशनऱ्यांनी चालवलेल्या त्या संस्थेला हा प्रचार मानवणारा नव्हता. प्रचार किंवा नोकरी यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई यांची त्यांना अखेरपर्यंत साथ लाभली. अपत्य होऊ न देण्याचा निर्णय उभयतांनी घेतला आणि रघुनाथरावांनी स्वतःची शस्त्रक्रिया करवून घेतली. जे लोकांना सांगितले, ते त्यांनी आधी स्वतः आचरले.

‘समाजस्वास्थ्य’ आणि नग्नतेचा प्रश्न

१९२७ च्या जुलैमध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. लेखन, संपादन, मुद्रितशोधन आणि वितरण ही सारी कामे मुख्यतः ते एकट्यानेच पाहत. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापले जाई. अनेक घरांत हा अंक लपवून वाचला जाई तो या मुखपृष्ठामुळेच.

या चित्रांमागची भूमिका तुम्ही नीट समजून घेतली पाहिजे. कर्व्यांच्या मते नग्न देह हा स्वभावतः अश्लील नसतो; अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते. जे झाकले जाते त्याविषयी कुतूहल वाढते आणि जे नित्य दिसते त्याचे कुतूहल ओसरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. वस्त्राचे मूळ प्रयोजन थंडीवाऱ्यापासून संरक्षण हे आहे. त्याला नीतीचे प्रमाण मानणे त्यांना तर्कदुष्ट वाटे. युरोपात त्या काळी सुरू झालेल्या नग्नतावादी चळवळीची माहितीही त्यांनी वाचकांना पुरवली. ऊन आणि मोकळी हवा शरीराला हितकर असतात, म्हणून हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने आरोग्याचा होता, धर्माचा नव्हता.

येथे भारतीय परंपरेचाही विचार करावयास हवा. दिगंबर जैन मुनींची नग्नता हे अपरिग्रहाचे लक्षण मानले जाते. श्रवणबेळगोळ येथील बाहुबलीच्या भव्य नग्न मूर्तीपुढे भाविक नतमस्तक होतात. खजुराहोची शिल्पे तर मंदिरांच्या भिंतींवरच कोरलेली आहेत. मात्र हीच देहाकृती देवळातून छापील पानावर आली की तिच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते. मूर्तीला पावित्र्याचे कवच असते. मासिकाला ते नसते. शिवाय छापील अंक कोणाच्याही हाती पडू शकतो. विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय मराठी समाजाची सभ्यतेची कल्पना स्वकीय सोवळेपणा आणि इंग्रजी आमदानीतील व्हिक्टोरियन संकोच या दोहोंच्या मिश्रणातून घडली होती. कर्व्यांचा संघर्ष या मिश्र संस्काराशी होता. ते स्वतः निरीश्वरवादी होते. म्हणून परंपरेतील नग्नतेचा धार्मिक आधार घेऊन आपली बाजू मांडणे त्यांना सोयीचे असले, तरी त्यांनी आपली भिस्त बुद्धीवरच ठेवली.

खटले

सनातनी मंडळींच्या रोषाची परिणती न्यायालयात झाली. अश्लील मजकुराच्या प्रकाशनाविषयीचे भारतीय दंडसंहितेचे कलम २९२ त्यांच्यावर लावण्यात आले. येथे एक बाब तुम्ही अवश्य लक्षात घ्या. लोकांचे डोळे चित्रांकडे वळत. पण खटले भरले गेले ते शब्दांवर. १९३१ मधील पहिला खटला व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल होता. त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. १९३४ मधील दुसरा खटला वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरवता येणार नाही. वाचकाने शंका विचारली असेल तर तिचे शास्त्रीय निरसन करणे हा गुन्हा नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. हा खटलाही कर्वे हरले आणि दंड झाला.

दंडाच्या रकमा आज किरकोळ वाटतील; परंतु नियमित वेतन गमावलेल्या माणसाला त्या जड होत्या. मासिक नेहमी तोट्यात चाले. तरीही मुखपृष्ठ बदलले नाही आणि प्रश्नोत्तरेही थांबली नाहीत. १९४४ मध्ये मालतीबाईंचे निधन झाले. त्यानंतरही रघुनाथराव एकाकीपणे अंक काढीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला.

मूल्यमापन

कर्व्यांचे संततिनियमन पुढे शासकीय धोरणात समाविष्ट झाले; त्यांचा नग्नताविचार मात्र आजही अनेकांना अवघड वाटतो. त्याची चिकित्सा करताना दोन्ही बाजू पाहाव्यात. देहाविषयीच्या अज्ञानातून रोग, भीती आणि स्त्रियांची कुचंबणा जन्मते, हे त्यांचे निदान अचूक होते. स्त्रीलाही कामसुखाचा अधिकार आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. परंतु मुखपृष्ठावर स्त्रीदेहच का, हा प्रश्न आजच्या स्त्रीवादी अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही. चित्रकाराचा वा संपादकाचा हेतू निर्मळ असला तरी पाहणाऱ्याची नजर घडवणारी समाजव्यवस्था विषम असते. अश्लीलता केवळ पाहणाऱ्याच्या मनात असते असे म्हटले, तर ते मन कोणी घडवले हेही विचारावे लागते. हा प्रश्न कर्व्यांच्या विचाराला छेद देत नाही. त्यांनीच सुरू केलेली चर्चा तो पुढे नेतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. कर्व्यांच्या मते नग्नता आणि अश्लीलता यांत कोणता भेद आहे? तो तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. मंदिरातील शिल्प आणि मासिकाचे मुखपृष्ठ यांकडे पाहण्याच्या सामाजिक दृष्टीत फरक का पडतो? सोदाहरण लिहा.
३. ‘समाजस्वास्थ्य’वरील खटल्यांच्या आधारे लेखनस्वातंत्र्य आणि लोकरूढी यांच्यातील संघर्षाची चर्चा करा.