श्रोत्यांकडून उत्तर घेणारे कीर्तनकार : गाडगेबाबा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मामांच्या घरी, दापुरे या गावी, गुरे राखत आणि शेतीत राबत डेबूजी वाढले. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही; मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना मात्र त्यांना पाहावी लागली. निरक्षरतेची किंमत त्यांना तेथेच कळली. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला. त्या गाडग्यानेच त्यांना नाव दिले.

गावात आले की बाबा दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हते, संस्कृत वचने नव्हती. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत. दगडाच्या देवाला नैवेद्य लागतो काय, बोकड कापल्याने नवस फळतो काय, कर्ज काढून सण करणाऱ्याचे घर राहते काय, असे ते प्रश्न असत. हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर देई, आणि ते उत्तर त्याच्याच रूढीविरुद्ध जाई. बाबा श्रोत्यांना दोष देत नसत. दोष श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रवचनपरंपरा याच जातीची आहे. गुलामगिरीच्या काळात ज्या समाजाला अनेक राज्यांत अक्षरबंदी होती, त्याने तोंडी शब्दावर आपले ज्ञान आणि धैर्य जतन केले. तेथेही प्रवचनकार बोलतो आणि सभा मोठ्याने प्रतिसाद देते. मार्टिन ल्यूथर किंग याच परंपरेत घडले.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका येते, की भजन गाणारा हा कीर्तनकार आपला कसा? बाबांनी धर्मांतर केले नाही, हे खरेच आहे. परंतु कीर्तनातून जमलेला पैसा त्यांनी मुख्यतः लोकांच्या सोयींवर खर्चिला. नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. अस्पृश्य यात्रेकरूंसाठी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची जागा विद्यार्थ्यांच्या कामी यावी, हा त्यांच्या विचारांचा सरळ निष्कर्ष होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

मुरबाड-शहापूरच्या पाड्यापाड्यांतून आपली मुले या निवासी शाळेत येतात. त्याच पाड्यांत लग्नाचा मांडव आणि मानपान यांसाठी आजही उसनवारी होते. वह्यापुस्तकांच्या वेळी मात्र हात आखडतो. लेकराचे शिक्षण आधी की मांडव आधी, हाच प्रश्न बाबांनी आपल्यालाही विचारला असता. उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ते सभेत मोठ्याने देणे सोपे. घरी जाऊन पाळणे, हीच त्यांना खरी आदरांजली.