उमेदवार मुलांचे कैवारी : संत जॉन बॉस्को
लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे जॉन बॉस्को यांस परक्याच्या शेतावर राबावे लागले. पुढे १८४१ साली इटलीतील तुरीन शहरी ते धर्मगुरू झाले, तेव्हा कारखान्यांत राबणाऱ्या पोरक्या मुलांचे हाल त्यांस पाहवेनात. ते कामाच्या जागी जाऊन त्यांची विचारपूस करीत. १८५२ साली एका सुतार-उमेदवाराचा करार त्यांनी स्टांपाच्या कागदावर करविला व त्यावर स्वतः सही केली. मालकाने चूक शब्दांनीच सुधारावी, हात उगारू नये, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत व सणावारी सुटी द्यावी. मुलाने आज्ञेत राहून मन लावून शिकावे, असे त्यात ठरले. १८८८ साली ते निवर्तले. १९३४ साली संतपदास चढले. बंधुभगिनींनो, मुलास नोकरी लागली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नव्हे. खरी पाठराखण तेथूनच सुरू होते.