पंडिता रमाबाईंचे उघडे दार

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि इकडे मोठा गहजब उडाला. त्यांच्या ताटाविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. मला तेच महत्त्वाचे वाटते.

धर्म बदलला, पण बाईंनी मांसाहार केला नाही, लुगडेही सोडले नाही. वाँटेजच्या मठातील भगिनींना यात जुन्या जातीचा ताठा दिसे. या भगिनी बाईंच्याच श्रद्धेच्या, शिवाय आश्रय देणाऱ्या. त्यांचे मन मोडणे सोपे नव्हते. तरी प्रभूने दिलेली मोकळीक इंग्रजी जेवणाच्या टेबलाशी गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा रोकडा सवाल!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले व पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथे ब्राह्मण विधवांना आपले आचार पाळण्याची मुभा होती. बाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला उठवीत नसत. दार लावून घेतले असते तर? पुष्कळांची तीच अपेक्षा होती. १८९३ मध्ये याच कारणाने वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक मुलींना पालक घरी घेऊन गेले. बाईंनी दार लावले नाही.

केडगावच्या मुक्ति मिशनमध्येही त्या शाकाहारीच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.