आगरकरांनी ‘केसरी’ का सोडला?

गोपाळ गणेश आगरकर १८८७ च्या ऑक्टोबरात ‘केसरी’तून बाहेर पडले. आधी राजकीय की आधी सामाजिक, या टिळक-आगरकर वादावर हे प्रकरण शाळेत गुंडाळले जाते. आम्हाला त्यात दुसराच प्रश्न दिसतो. पत्र कोणाच्या मालकीचे आणि संपादकाच्या लेखणीवर हात कोणाचा?

कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेला हा गरिबाघरचा मुलगा एम. ए. झाला, पण सरकारी नोकरीच्या वाटेला गेला नाही. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला आणि संपादकाच्या खुर्चीत आगरकर बसले. वर्षभरातच कोल्हापूर प्रकरण अंगावर आले. तिथल्या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्यावर आरोप छापले गेले, आधाराची पत्रे बनावट निघाली आणि बदनामीचा खटला उभा राहिला. खरे आणि लोकहिताचे असेल तर छापणे हा गुन्हा नव्हे, हा अपवाद तेव्हाच्या दंडसंहितेतही होता. पण खरेपणा शाबीत करावा लागतो, आणि खोट्या कागदावर तो होत नाही! माफी मागूनही टिळक-आगरकरांना चार महिने कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. या खटल्यात दहा हजारांचा जामीन दिला तो महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेट उरवणे यांनी. हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही.

पुढे खटका उडाला तो बालविवाह, विधवांचे केशवपन, रखमाबाईंचा खटला अशा प्रश्नांवर. पत्र मंडळींच्या सामाईक मालकीचे आणि बहुतेकांचा कल सनातनी वाचकाला न दुखवण्याकडे. आपल्याच पत्रात आगरकर पाहुणे झाले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तालुक्याला बातमीदारी करणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. वस्तीवरच्या हल्ल्याची बातमी ते पाठवतात, सकाळी ती ‘दोन गटांत हाणामारी’ होऊन छापून येते. खाली नाव मात्र त्यांचेच.

आगरकरांनी नाव मागे घेतले आणि १८८८ च्या दसऱ्याला स्वतःचा ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्याला ‘केसरी’ने विरोध केला, ‘सुधारक’ने पाठिंबा दिला. पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने खंगलेला हा माणूस तरीही लिहीत राहिला, शेवटची तीन वर्षे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळत.

आंधळी आरती ओवाळायचे आम्हाला कारण नाही. आगरकरांचा बराचसा लढा ब्राह्मण घराच्या माजघरातला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पाण्याचा, वतनाचा, वेठीचा प्रश्न फुल्यांनी जसा मुळापासून धरला, तसा त्यांनी धरला नाही. बहुजनांचा ‘दीनबंधु’ तर ‘सुधारक’च्या अकरा वर्षे आधी, १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी काढला होता. पण एक गोष्ट आगरकरांच्या पदरात टाकलीच पाहिजे. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक, ‘दीनबंधु’बरोबर ‘सुधारक’मध्येही लिहीत. दुसऱ्यांच्या पत्रात खुर्ची सांभाळत बसले असते, तर ही जागा आगरकरांना देता आली असती काय?

१७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याच्या काँग्रेस मंडपातून सामाजिक परिषदेला बाहेर काढण्यात आले. आणि जानेवारी १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही त्याची साधी जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला.