नवशिक्यांचा कैवारी : जॉन केमेनी

संगणकाची भाषा म्हटलं की आम्ही साहित्यवाले लगेच हात वर करतो. पण ‘बेसिक’ ही भाषा मुळात विज्ञान न शिकणाऱ्यांसाठीच तयार झाली होती. म्हणून तिच्या दोन जनकांपैकी एक, जॉन केमेनी यांच्याविषयी इथे लिहावंसं वाटलं.

केमेनींचा जन्म १९२६ सालचा, बुडापेस्टमधल्या ज्यू घरातला. नाझींचं संकट ओळखून वडिलांनी कुटुंब हलवलं आणि १९४० मध्ये सगळे न्यूयॉर्कला पोहोचले. आजोबा मात्र देश सोडायला तयार झाले नाहीत. पुढे ते ज्यूंच्या नरसंहारात बळी पडले.

इंग्रजी जेमतेम येणारा हा मुलगा शाळेत पहिला आला आणि प्रिन्स्टनला गेला. शिक्षण मधेच थांबवून त्याने लॉस अलामॉसला अणुबॉम्ब प्रकल्पात आकडेमोड केली. नंतर आइन्स्टाइनचा गणित-सहायक झाला आणि २३व्या वर्षी डॉक्टरेटही मिळवली.

१९५३ मध्ये केमेनी डार्टमथ कॉलेजात आले. तेव्हा संगणक म्हणजे बंद खोलीतला देवच! छिद्रं पाडलेली कार्डं पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांना हे पटेना. वाचनालयात कुणीही जाऊन पुस्तक काढतो, तसा संगणक कुणालाही वापरता यावा, असं त्यांचं म्हणणं. एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभी केली. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता बेसिक पहिल्यांदा चालली. ‘लेट’, ‘प्रिंट’, ‘इफ’ असे साधे शब्द, चटकन लक्षात राहणारे.

भाषा सगळ्यांना खुली होती, त्यामुळे ती भराभर पसरली. पण सत्तरच्या दशकातल्या घरगुती संगणकांची स्मरणशक्ती इवलीशी. कंपन्यांनी भाषा कापून-छाटून त्यात बसवली. प्रत्येकीची बोली वेगळी. एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. नकलाकारांच्या हातून पोथीत पाठभेद शिरावेत, तसंच काहीसं झालं. ही भाषा मुलांना वाईट सवयी लावते, असं जाणकारही म्हणू लागले.

केमेनी १९७० ते १९८१ डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, तिथे मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळाला. अध्यक्ष असतानाही त्यांनी वर्गावर शिकवणं सोडलं नाही. पद सोडल्यावर ते कर्ट्झसोबत पुन्हा बेसिककडे वळले. १९८३ मध्ये कंपनी काढली आणि १९८५ मध्ये नव्या डेस्कटॉप संगणकांसाठी ‘ट्रू बेसिक’ आणली. आता ओळींना क्रमांक देण्याची सक्ती नव्हती, प्रोग्रॅमची मांडणी सुटसुटीत होती आणि तोच प्रोग्रॅम आयबीएमवर आणि मॅकिन्टॉशवरही चालत होता.

बाजार मात्र त्यांना जिंकता आला नाही. मोडकीतोडकी का होईना, बेसिक बहुतेक यंत्रांसोबत आयतीच मिळत होती. मग ही वेगळी विकत कोण घेणार? डिसेंबर १९९२ मध्ये केमेनी गेले.

तरी मला त्यांचं हे अपयश मोठं वाटतं. नवशिक्याला काय, कसंही चालतं, असं आपण सहज म्हणून जातो. केमेनींना ते मान्य नव्हतं. पहिली पायरी चढणाऱ्याच्या पायाखाली दगड पक्काच हवा, यासाठी ते साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा कामाला लागले.