अंगठ्याचा ठसा आणि मार्क ट्वेन



आपल्याकडच्या जुन्या दस्तऐवजांवर, ज्याला सही करता येत नाही त्याच्या नावापाशी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिलेले असते. अशा माणसाला कोणी थट्टेने 'अंगठेबहाद्दर' म्हणते. याच अंगठ्याच्या ठशावरून खुनाचा छडा लावणारी एक कादंबरी १८९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'पुडनहेड विल्सन' आणि लेखक मार्क ट्वेन. टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन यांच्यामुळे तुम्हा सर्वांना ते माहीत आहेत. या अंकात त्यांची थोडी वेगळी ओळख करून देण्याचे आम्ही ठरवले आहे.

त्यांचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसूरी राज्यातला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात सॅम वाढला. तेव्हा मिसूरीत गुलामगिरी कायदेशीर होती. सुट्टीत तो मावशीच्या शेतावर जाई. तेथे गुलामांची मुले त्याचे सवंगडी असत, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून तो गोष्टी ऐके. आपला सवंगडी उद्या विकला जाऊ शकतो, हे त्या वयात कोणालाच विचित्र वाटत नव्हते. पुढे त्यांना मात्र ते आयुष्यभर टोचत राहिले.

सॅम अकरा वर्षांचा असताना वडील वारले. लवकरच तो छापखान्यात उमेदवारी करू लागला आणि शिशाचे खिळे जुळवायला शिकला. नंतर मिसिसिपीवरच्या आगबोटीचा चालक झाला; १८५९ मध्ये त्याला परवाना मिळाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होऊन नदीवरची वाहतूक थांबली. मग तो पश्चिमेकडे नेवाडात गेला, वार्ताहर झाला आणि १८६३ पासून 'मार्क ट्वेन' या नावाने लिहू लागला. हे नाव नदीवरचेच आहे. दोन वाव म्हणजे बारा फूट पाणी आहे, बोट सुखरूप जाईल, असा त्याचा अर्थ.

'टॉम सॉयर' १८७६ मध्ये आले आणि ट्वेन यांना कीर्ती व पैसा दोन्ही मिळाले. पण यंत्रांचे त्यांना भारी वेड. जेम्स पेज नावाचा संशोधक खिळे जुळवणारे यंत्र बनवत होता. ज्याने लहानपणी हाताने एकेक खिळा उचलला आहे, त्याला अशा यंत्राची भूल पडणारच. त्यात सुमारे १८,००० भाग होते आणि ते माणसाच्या हाताची नक्कल करी. चालले तर झकास चाले, पण पुन:पुन्हा बिघडे. तोवर लायनोटाइप हे दुसरे यंत्र छापखान्यांत पोचले होते. ते खिळे उचलण्याऐवजी वितळलेल्या धातूची अख्खी ओळच ओतून काढी. आमच्यासारख्या इंजिनियर मंडळींनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. हुशारीने बनवलेली वस्तू रोजच्या वापरात टिकतेच असे नाही. ट्वेन यांचे सुमारे तीन लाख डॉलर त्यात बुडाले. एप्रिल १८९४ मध्ये त्यांच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे निघाले.

'पुडनहेड विल्सन' याच ओढगस्तीच्या काळातली. खर्च कमी व्हावा म्हणून क्लेमेन्स कुटुंब युरोपात राहत होते, तेव्हा ती लिहिली गेली. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचे बोटांच्या ठशांवरचे पुस्तक १८९२ मध्ये निघाले होते. ते वाचून ट्वेन यांना कादंबरीची किल्ली सापडली.

कादंबरीतला डेव्हिड विल्सन हा तरुण वकील. नव्या गावात पहिल्याच दिवशी तो एक तिरकस विनोद करतो, तो कोणाला कळत नाही, आणि गाव त्याला मठ्ठ ठरवते. वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडे एकही खटला येत नाही. त्याला एक विचित्र छंद असतो. तो गावातल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे काचेच्या पट्ट्यांवर घेतो आणि नाव, तारीख लिहून जपून ठेवतो. लोक हसतात.

त्याच गावात रॉक्सी नावाची गुलाम स्त्री असते. तिच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांपैकी फक्त एक जण काळा. दिसायला ती गोरीच, पण कायद्याने गुलाम, आणि तिचे बाळही गुलाम. बाळ विकले जाईल या भीतीने ती ते मालकाच्या बाळाशी बदलते. कोणालाही शंका येत नाही. पुढे गावात खून होतो, निरपराध माणसावर आळ येतो आणि विल्सन भर कोर्टात त्या जुन्या काचा बाहेर काढतो. खुनी कोण हे कळते, आणि बदललेली बाळेही उघडकीस येतात.

मुलांनो, ट्वेन यांचे मोठेपण यानंतर दिसते. खरा वारस आता श्रीमंत होतो, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याची बोली गुलामांच्या वस्तीतली असते आणि दिवाणखान्यात त्याला चोरट्यासारखे वाटते. ज्याला शिक्षा होते, त्याला शेवटी मालमत्ता ठरवून विकले जाते. ठसा खरे बोलला, तरी कायदा अन्यायीच राहिला. माणूस कोण हे ठसा सांगतो. त्याला कसे वाढवले, ही जबाबदारी मात्र इतरांची असते.

अमेरिकेत ठशांच्या पुराव्यावर खुनाची शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने कायम केली ती १९११ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर सतरा वर्षांनी. आणि गॉल्टन यांच्या पुस्तकामागे आपल्याकडचीही कामगिरी होती. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्येच करारावर हाताचा ठसा घेतला होता. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठसे कचेरी निघाली. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे मोलाचे काम केले.

दिवाळे निघाल्यावर कायद्याने ट्वेन यांना थोडे पैसे देऊन सुटता आले असते. त्यांनी ते नाकारले आणि एकोणसाठाव्या वर्षी व्याख्याने देत जगाच्या दौऱ्यावर निघाले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ते इंग्लंडमध्ये असताना, थोरली मुलगी सूझी घरी अमेरिकेत वारली. त्या दु:खातही काम चालू राहिले आणि १८९८ मध्ये पै न् पै फिटली. २१ एप्रिल १९१० रोजी ते निवर्तले.

कादंबरी मोठ्यांबरोबर वाचा. तिच्यात त्या काळचे बोचरे शब्द आहेत, त्यांचा अर्थ आई-बाबांना विचारा. आणि विल्सनचा प्रयोग घरी करून पाहा. तो बोटे केसांतून फिरवायला सांगे, म्हणजे तेल लागे, आणि मग काचेवर टेकवायला सांगे. आपल्या घरी डोक्याला खोबरेल असतेच! ठशाखाली नाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका, आणि ते मराठीतच लिहा.